हरित इमारतींचे गुण आणि एसीचा आकडा : पार्श्वभूमी

घर गार ठेवणाऱ्या जुन्या युक्त्या, म्हणजे वाड्याचा चौक, मातीच्या जाड भिंती, कोकणातली उतरती कौलं, हे सगळं वाचकांना ठाऊक आहे. थेट 2003 वर येऊ. त्या वर्षी हैदराबादच्या एका कार्यालयाला हरित इमारतींसाठीचं अमेरिकी पद्धतीचं सर्वोच्च, प्लॅटिनम मानांकन मिळालं. त्या इमारतीत अंगणं होती, छपरावर हिरवळ होती आणि एसीकडे जाणारी हवा आधीच थोडी गार करणारे दोन वातमनोरे होते. सुरुवात झकास झाली. पुढे मात्र प्रमाणपत्रांच्या पाट्या काचेच्या आयटी इमारतींवरही सर्रास झळकू लागल्या.

याचं मूळ हिशेबाच्या पद्धतीत आहे. मानांकनाचे गुण ऊर्जेच्या बचतीवर मिळतात, आणि ही बचत मोजायची ती संगणकातल्या कल्पित इमारतीशी, म्हणजे बेसलाइनशी, तुलना करून. तेव्हाच्या अमेरिकी नियमानुसार दर्शनी भिंतीत 40 टक्क्यांपर्यंत काच असेल, तर बेसलाइनमध्येही तेवढीच धरायची. वास्तुविशारदाने काच 40 वरून 25 टक्क्यांवर आणली, तरी त्या कपातीचं श्रेय शून्य. चांगला चिलर, म्हणजे मोठ्या एसीसाठी पाणी गार करणारं यंत्र, बसवला की गुण. खिडक्या उघड्या ठेवून पंख्यावर भागवणाऱ्या इमारतीची तर पंचाईतच. मॉडेलमध्ये तिलाही एसी जोडायचा, तोही तिला आणि बेसलाइनला सारखाच! एसी टाळणारा कोरडा, भारी एसी घेणारा मानकरी. असा नियम इतकी वर्षं चालला याचं नवल वाटतं.

दुसरा वाद खोली किती गार हवी याचा. आपल्याकडची एसी कार्यालयं वर्षभर साधारण 22.5 अंशांवर चालत. मग शिमला ते चेन्नई अशा 5 शहरांतल्या 16 कार्यालयांत कोणत्या तापमानात माणसाला बरं वाटतं याची पाहणी झाली, 6,330 उत्तरं जमली. नैसर्गिक वायुवीजनाच्या इमारतींसाठी आतल्या सुखकर तापमानाचं सूत्र निघालं: बाहेरच्या अलीकडच्या दिवसांच्या सरासरी तापमानाला 0.54 ने गुणा, 12.83 मिळवा. बाहेर 30 अंश, तर आत सुमारे 29 अंशही माणसाला चालतात. 2016 च्या राष्ट्रीय इमारत संहितेत हे आलं. जानेवारी 2020 पासून स्टार लेबलच्या घरगुती एसीची सुरुवात 24 अंशांवर आली. ‘सरकार आता रिमोटही हातात घेणार’ अशी कुरकुर झाली, पण बटण दाबून आकडा बदलता येतोच.

हीटिंगकडे आपल्याकडे दुर्लक्षच. घरांसाठीच्या 2018 च्या ऊर्जाबचत संहितेत मात्र दोन्ही बाजू आल्या: थंड प्रदेश सोडून इतरत्र भिंती-खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेला चौरस मीटरला 15 वॅटची मर्यादा, थंड प्रदेशात बाहेर निसटणाऱ्या उष्णतेला लगाम. अंमलबजावणी राज्यांवर सोडली आहे.