जेडकॉम ५.५.१ आणि जेडकॉम ७: शेपूट एकच, फाइली दोन तऱ्हांच्या

वंशावळीच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती टाकली की एक्स्पोर्टच्या खिडकीत बरेचदा दोन पर्याय दिसतात: जेडकॉम ५.५.१ आणि जेडकॉम ७.०. जेडकॉम म्हणजे वंशावळीची माहिती एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेण्यासाठी ठरलेली फाइल लिहिण्याची पद्धत. दोन्हींतून निघणाऱ्या फाइलचं एक्स्टेन्शन एकच, डॉट जीईडी. मोठा आकडा म्हणजे चांगला, या हिशेबाने सातवर क्लिक होतं, फाइल नातेवाइकाकडे जाते आणि त्याच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये आजोबांच्या नावाच्या जागी भलतीच चिन्हं उमटतात. दोष फाइलचाही नसतो आणि प्रोग्रॅमचाही नसतो. दोन वेगळे नियम एकाच नावाने वावरतात, एवढंच.

आणखी एक गोंधळ आधीच मिटवलेला बरा. जेडकॉमचा आवृत्ती क्रमांक आणि सॉफ्टवेअरचा आवृत्ती क्रमांक यांचा एकमेकांशी संबंध नाही. रूट्समॅजिक ७ हे सॉफ्टवेअर २०१४ चं, जेडकॉम ७ आलं जून २०२१ मध्ये. 'माझ्याकडे सात आहे' या वाक्याला म्हणून काहीच अर्थ नाही. तसंच 'जेडकॉम एक्स' हा तिसराच प्रकार आहे, त्याला या दोघांत ओढू नये.

५.५.१ चा मसुदा २ ऑक्टोबर १९९९ चा. मसुदा म्हणूनच तो वीस वर्षं राहिला, जगभरच्या सॉफ्टवेअरनी तोच प्रमाण मानला, आणि अधिकृत शिक्का बसला तो १५ नोव्हेंबर २०१९ ला. म्हणूनच जुन्यातल्या जुन्या प्रोग्रॅमलाही तो बऱ्यापैकी कळतो. त्यानंतर फॅमिलीसर्चने, म्हणजे जेडकॉमचे नियम ठरवणाऱ्या संस्थेने, थेट सात आणलं. मधला सहा एक्सएमएलच्या मसुद्यापुरताच राहिला.

हातातली फाइल कोणती?

फाइल नोटपॅडमध्ये उघडा आणि पहिल्या पंधरा-वीस ओळी वाचा. (प्रत्येक ओळीत माहिती कसली ते सांगणारी एक खूण, म्हणजे टॅग, असते. खुणा फाइलमध्ये रोमन लिपीत असतात, इथे त्यांचे उच्चार देत आहोत.) 'हेड'खाली 'व्हर्स' ही खूण बहुधा दोनदा सापडेल आणि चूक नेमकी इथेच होते. 'सोर'खालची 'व्हर्स' ओळ म्हणजे फाइल लिहिणाऱ्या सॉफ्टवेअरची आवृत्ती. आपल्याला हवी ती 'जेडसी'खालची: तिथे ५.५.१ असेल किंवा ७.० असेल, कधी ७.० च्या पुढे आणखी एखादा उपक्रमांक. खात्री करून घ्यायला दुसरी खूणगाठ आहे. अक्षरं कोणत्या पद्धतीने साठवली ते सांगणारी 'कॅर' नावाची ओळ दिसली तर फाइल जुनी, कारण सातमधून ती ओळ काढूनच टाकली आहे.

ही काढलेली ओळ देवनागरीवाल्यांसाठी मोठी बातमी आहे.

लिपीचा प्रश्न

५.५.१ मध्ये अक्षरं साठवायच्या चार पद्धती चालतात: ॲन्सेल, आस्की, युनिकोड आणि यूटीएफ-८. ॲन्सेल ही ग्रंथालयांच्या नोंदींसाठी केलेली रोमन अक्षरांची संहिता, तिच्यात देवनागरी नाहीच. त्यातून काही प्रोग्रॅम यादीत नसलेला 'ॲन्सी' हाही पर्याय देतात. आणि ५.५.१ च्या भाषांच्या यादीत मराठी आणि कोंकणी आहेत, पण त्या 'युनिकोड येईपर्यंत चालणार नाहीत' अशा गटात. सात मात्र फक्त यूटीएफ-८ ओळखतं, आणि त्यात देवनागरीसकट सगळ्या लिपी बसतात. निवड करायचीच नाही म्हटल्यावर चुकीची निवडही होत नाही.

बिघडलेली फाइल आली तर आधी नीट बघा, कारण बिघाड दोन प्रकारचा असतो. नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं असतील तर पाठवणाऱ्याच्या संगणकाने देवनागरी फेकून देऊन मग फाइल लिहिली आहे. त्यातून काही परत मिळणार नाही, यूटीएफ-८ निवडून पुन्हा एक्स्पोर्ट करायला सांगा. पण डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन 'ए' पुन्हा पुन्हा येत असेल, त्याला लागून कधी जपानी येनचं चिन्ह, कधी चार शेंड्या फुटलेलं वर्तुळ, तर निर्धास्त राहा. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं आणि ते तीन बाइट रोमन समजून वाचले की हेच रूप दिसतं. डेटा शाबूत आहे, वाचणाऱ्याचा चष्मा चुकलाय. ५.५.१ च्या फाइलमध्ये 'कॅर'च्या ओळीत यूटीएफ-८ लिहा, नोटपॅडच्या 'सेव्ह ॲज'मध्ये 'यूटीएफ-८ विथ बीओएम' निवडा आणि मूळ फाइलला हात न लावता वेगळ्या नावाने जतन करून पुन्हा इम्पोर्ट करा.

'कॉन्क'चा घोटाळा

५.५.१ मध्ये एक ओळ २५५ अक्षरांच्या पुढे जाऊ शकत नाही. मोठी टीप असली की ती तोडून पुढचा तुकडा 'कॉन्क' या खुणेच्या ओळीवर जातो. ('कॉन्ट' वेगळी, ती खरोखरची नवी ओळ दाखवते.) इंग्रजी मजकुरात यानं फारसं बिघडत नाही. देवनागरीत बिघडतं, कारण कित्येक प्रोग्रॅम २५५ अक्षरं मोजण्याऐवजी २५५ बाइट मोजतात.

'श्री' घ्या. डोळ्यांना एक अक्षर. आतून चार चिन्हं: श, हलन्त, र, दीर्घ ईकार. म्हणजे १२ बाइट. ओळीच्या सुरुवातीचा पातळीचा आकडा आणि खूण रोमन, एकेका बाइटची. शब्दांमधली मोकळी जागाही एकेका बाइटची. त्यामुळे २५५ वा बाइट एखाद्या चिन्हाच्या पोटात कुठेही पडू शकतो. तिथे कात्री चालली की वाचणारा प्रोग्रॅम दोन्ही ओळी वेगवेगळ्या उलगडू पाहतो, दोन्हीकडे अर्धवट बाइट सापडतात आणि काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह उमटतं. मोठ्या टिपेत दर ऐंशी-नव्वद चिन्हांनंतर एक बिघडलेलं अक्षर दिसलं तर कारण हेच, दुसरं शोधत बसू नका.

याचाच धाकटा भाऊ: कात्री शब्दांमधल्या मोकळ्या जागेवर पडते, ओळीच्या टोकाची ती जागा वाचताना गळून जाते आणि 'कोकणातून देशावर' हे 'कोकणातूनदेशावर' होतं. प्रमाणातच सांगितलं आहे की तोडायचं तर शब्दाच्या मध्ये तोडा. सगळे ऐकतात असं नाही.

सातने लांबीची मर्यादा उठवली आणि 'कॉन्क'ला रजा दिली. टीप कितीही लांब असो, ओळ फक्त परिच्छेद बदलतो तिथेच मोडते. आपल्यासाठी सातमधली एकच सुधारणा निवडायची झाली तर ही.

नावं

दोन्हीकडे आडनाव दोन तिरप्या रेघांमध्ये येतं आणि वडिलांचं नाव पहिल्या नावासोबत राहतं: गोविंद बाळकृष्ण /जोशी/. सासरचं नाव ही त्याच व्यक्तीची दुसरी 'नेम' नोंद. जुन्याच्या यादीत 'मेडन' आणि 'मॅरिड' हे प्रकार होतेच. सातमध्ये तेच ठरलेल्या मोठ्या रोमन अक्षरांत येतात, आणि यादीत नसलेल्यासाठी 'अदर' आहे. माहेरचं नाव खोडून त्यावर सासरचं लिहू नका. लग्नाआधीचे कागद मग तिच्याशी जुळत नाहीत.

फरक पडतो तो लिप्यंतरात. एकच नाव देवनागरीत आणि रोमनमध्ये ठेवायचं तर ५.५.१ मध्ये 'रोमन' आणि 'फोन' (फोनेटिक) अशा दोन उपखुणा आहेत, ज्यांचे ठरलेले प्रकार चिनी, जपानी, कोरियन लिपींसाठी आहेत. मराठीला 'स्वतःचा प्रकार लिहा' यावर भागवावं लागतं. सातमध्ये या दोन्ही जाऊन 'ट्रान' ही एकच उपखूण आली. तिच्यासोबत भाषेचा कोड द्यावाच लागतो आणि त्यात मराठीचा कोड, रोमन लिपीतल्या मराठीचा कोड असे वेगळे लिहिता येतात. सातची फाइल जुन्या प्रोग्रॅममध्ये उघडली तर 'ट्रान' गळतं. ज्यांना रोमन नावावरून शोधायचं असतं त्यांची पंचाईत होते.

तारखा

शके आणि तिथी दोघांनाही समजत नाहीत. महिने इंग्रजी तीन-अक्षरी, दिनदर्शिका ग्रेगोरियन, ज्युलियन, हिब्रू आणि फ्रेंच क्रांतीची. कुलवृत्तांतात 'शके १८४०, आषाढ शु. ११' असेल तर ५.५.१ मध्ये 'जुलै १९१८' असा अर्थ लावून मूळ मजकूर कंसात लिहायचा, तोही ३५ अक्षरांत बसवून. सातमध्ये 'डेट'खाली 'फ्रेझ' ही स्वतंत्र ओळ आहे: वर गणिताला समजणारी तारीख, खाली कागदावर होतं तसंच्या तसं, हवं तेवढं लांब. शकात ७८ मिळवून सन काढताना एक भान ठेवा. पौषाच्या सुमारास इंग्रजी वर्ष बदलतं, म्हणून माघ-फाल्गुनासाठी ७९ मिळवावे लागतात. 'फ्रेझ'मध्ये मूळ शब्द असतील तर अशी चूक नंतर पकडता येते.

'नाही' आणि 'माहीत नाही'

छोटी, पण मोलाची भर. ५.५.१ मध्ये लग्न झालं हे लिहिता येतं, झालं नाही हे लिहायची सोय नाही. रिकामी जागा दोन्हींसाठी तीच. सातमध्ये 'नो' ही खूण आहे: 'नो' आणि पुढे विवाहाची खूण, म्हणजे शोधलं आणि विवाह झाला नव्हता असं ठरलं. त्याला कालावधीही जोडता येतो.

टिपा आणि फोटो

एकच कुळकथा चाळीस जणांना जोडायची तर जुन्यात 'नोट' हीच खूण स्वतःच्या टिपेसाठीही आणि सामाईक टिपेकडे बोट दाखवायलाही वापरली जायची. सातमध्ये सामाईक टिपेची खूण 'एसनोट' अशी वेगळी झाली. जुना प्रोग्रॅम 'एसनोट' ओळखत नाही आणि चाळीसच्या चाळीस जणांची कथा बाद करतो. इम्पोर्टनंतरचा लॉग (काय घेतलं, काय वगळलं याची नोंद) न वाचता बंद केला तर हे कळतही नाही.

फोटोंबाबत गैरसमज दोन्हीकडे आहे. डॉट जीईडी फाइलमध्ये फोटो नसतोच, ना जुन्यात ना नव्यात. असतो फक्त पत्ता, आणि तो तुमच्या संगणकावरच्या फोल्डरचा. सातने त्यासोबत जेडझिप आणलं: एक्स्टेन्शन डॉट जीडीझेड, आत 'जेडकॉम डॉट जीईडी' या नावाची फाइल आणि शेजारी सगळे फोटो. ती साधी झिप आहे, शेपूट बदलून उघडून बघता येते. फोटोंच्या फाइलींची नावं साधी, मोकळ्या जागा न सोडता ठेवा. सातमधले पत्ते वेबच्या पत्त्यांसारखे लिहिले जातात, मोकळ्या जागेचं टक्का-चिन्ह आणि २० होतं, आणि कच्चा प्रोग्रॅम ते परत उलगडत नाही.

गोत्र, कुलदैवत, मुंज

जातीसाठी दोन्ही आवृत्त्यांत खूण आहे, गोत्रासाठी एकातही नाही. काय म्हणावं! प्रोग्रॅममध्ये 'कस्टम फील्ड' केलं की फाइलमध्ये ते बहुधा अंडरस्कोरने सुरू होणारी घरगुती खूण होऊन जातं आणि दुसरीकडे हरवतं. सातमध्ये अशा खुणांचा अर्थ फाइलच्या माथ्यावर 'स्कीमा'त नोंदवता येतो, पण समोरच्या प्रोग्रॅमने तो वाचला पाहिजे. त्यापेक्षा गोत्र आणि कुलदैवत 'फॅक्ट' म्हणून टाका आणि 'टाइप'मध्ये तो शब्द लिहा. मुंज 'इव्हेंट' म्हणून, टाइप 'मुंज'. दोन्ही आवृत्त्यांत टिकतं. मुंजीसाठी ज्यूंच्या बार मिट्झ्वाची तयार खूण वापरायचा मोह टाळा.

मग कोणती पाठवायची?

समोरचा प्रोग्रॅम सात वाचतो हे नक्की माहीत असेल तर सात, फोटो असतील तर डॉट जीडीझेड. नक्की माहीत नसेल तर ५.५.१, यूटीएफ-८ मध्ये. ग्रॅम्प्स ५.२ सारखे प्रोग्रॅम तर एक्स्पोर्टला ५.५.१ च देतात. नोटपॅडमध्ये जाऊन ५.५.१ चा आकडा खोडून ७.० लिहिणं हे रूपांतर नव्हे. आतल्या 'कॉन्क' ओळी, 'रोमन' नावं, फोटोंचे जुन्या धाटणीचे प्रकार तसेच राहतात आणि फाइल दोन्हीकडची राहत नाही. रूपांतर प्रोग्रॅमलाच करू द्या, आणि झाल्यावर ई-मेलचे पत्ते तपासा. जुन्यात प्रत्येक ॲट-चिन्ह दुहेरी लिहितात, नव्यात फक्त मजकुराच्या सुरुवातीला आलेलं. कच्च्या रूपांतरात पत्त्यांत दोन-दोन ॲट उरतात.

आणि जेडकॉम, कोणतंही असो, बॅकअप नाही. बॅकअप सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या स्वरूपातच घ्या.

पूर्ण वृक्ष पाठवण्याआधी पाच जणांचा नमुना करा: माहेर-सासर अशी दोन नावं असलेली एक बाई, एक दत्तक मुलगा, शके तारीख असलेले एक पूर्वज, चारशे अक्षरांहून मोठी मराठी टीप असलेली एक व्यक्ती आणि फोटो जोडलेली एक. एक्स्पोर्ट करा, समोरच्याला इम्पोर्ट करू द्या, लॉगची फाइल मागून घ्या. माणसं मोजू नका, ती पाचची पाच येतातच. टिपेचं शेवटचं वाक्य आणि दत्तकाचे दोन्ही आईबाप पोचले का, ते विचारा.