हवाई अंतर मोजता येते, वेळ मात्र वारा ठरवतो

दोन विमानतळांचे अक्षांश आणि रेखांश ठाऊक असले की त्यांच्यातील हवाई अंतर कागदावर काढता येते, कारण ते निव्वळ भूमितीचे काम आहे. परंतु त्या अंतराला विमानाच्या वेगाने भागून मिळणारा वेळ प्रत्यक्ष प्रवासाशी क्वचितच जुळतो.

गोलाच्या पृष्ठभागावरील दोन बिंदूंमधला सर्वांत जवळचा मार्ग बृहद्वृत्तावर, म्हणजे गोलाच्या केंद्राभोवती काढलेल्या वर्तुळाच्या कंसावर असतो. सपाट नकाशावर तो वाकलेला दिसतो. टोकियोहून न्यूयॉर्ककडे जाणारे बृहद्वृत्त प्रशांत महासागर सरळ पूर्वेकडे न ओलांडता अलास्कावरून जाते, हे पृथ्वीगोलावर दोरा ताणून कोणालाही पडताळता येईल. पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किमी धरून केलेले गणित सामान्य कामाला पुरते. पृथ्वी ध्रुवांपाशी किंचित चपटी असल्यामुळे त्यात सुमारे अर्ध्या टक्क्यापर्यंत फरक पडू शकतो, इतकेच.

वेळेचा हिशेब याहून अवघड आहे. विमानाचा वेग मुळात भोवतालच्या हवेच्या सापेक्ष असतो आणि ती हवा स्वतःच वाहत असते. प्रवासी जेट विमाने ज्या १० ते १२ किमी उंचीवर ताशी साधारण ८५० ते ९०० किमी वेगाने उडतात, त्याच थरात मध्य अक्षांशांवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट प्रवाह वाहतात आणि हिवाळ्यात त्यांचा वेग ताशी २०० किमीच्याही पुढे जातो. फेब्रुवारी २०२० मध्ये एका प्रवासी विमानाने न्यूयॉर्क ते लंडन हे सुमारे ५,५४० किमी अंतर पाच तासांहूनही कमी वेळात कापले. त्या उड्डाणात जमिनीच्या सापेक्ष वेग ताशी १,३०० किमीच्या वर गेला होता, तरीही विमानाने ध्वनीची मर्यादा ओलांडली नव्हती, कारण ती मर्यादा हवेच्या सापेक्ष वेगाला लागू होते.

जाताना मिळालेला फायदा येताना फिटतो, असे वाटणे स्वाभाविक असले तरी ते खरे नाही. हेच अंतर ताशी ९०० किमी वेगाने, ताशी १०० किमी वाऱ्यात कापायचे असेल, तर वारा पाठीशी असताना सुमारे ५ तास ३२ मिनिटे आणि समोरून असताना ६ तास ५५ मिनिटे लागतात. वारा नसता तर दोन्ही फेऱ्यांची बेरीज सुमारे नऊ मिनिटांनी कमी भरली असती. प्रतिकूल वाऱ्यात विमान अधिक काळ राहते, हे त्याचे कारण. म्हणूनच बृहद्वृत्त सोडून, वारा टाळणारा लांबचा मार्ग पुष्कळदा लवकर पोहोचवतो.

वेळापत्रकात छापलेला वेळ तर विमान जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर जागेवर थांबेपर्यंतचा असतो. त्यात धावपट्टीपर्यंत जाणे, तेथील रांग आणि उतरण्यापूर्वीच्या घिरट्या हे सारे धरलेले असते. शिवाय आकाश सर्वांना खुले नसते. २०२२ मध्ये रशियाने आपले हवाई क्षेत्र युरोपीय संघातील विमान कंपन्यांना बंद केल्यावर हेलसिंकी ते टोकियो हा साडेनऊ तासांच्या आसपासचा प्रवास सुमारे तेरा तासांचा झाला आणि काही विमाने उत्तर ध्रुवावरून जाऊ लागली.