कूर्चा-ग्राफ्ट : जतन, निर्जंतुकीकरण आणि बळ

दात्याच्या शरीरातून काढलेली कूर्चा (सांध्यातली, नाकातली लवचीक ऊती), म्हणजेच ग्राफ्ट, रुग्णाच्या गुडघ्यात किंवा नाकात बसवण्याआधी टिकवावी लागते, जंतुमुक्तही करावी लागते. या दोन्ही क्रियांत तिचे बळ थोडेबहुत खर्ची पडते.

कूर्चेच्या वजनाचा ६५ ते ८० टक्के भाग पाणी असतो. प्रकार-२ कोलॅजेनच्या तंतूंचे जाळे ताण पेलते. जाळ्यात अडकलेली प्रोटिओग्लायकने (शर्करासाखळ्या जोडलेली प्रथिने) पाणी धरून ठेवतात, म्हणून दाब सोसवतो. या जाळ्याची निगा कूर्चापेशी राखतात. कूर्चेत रक्तवाहिन्या नसल्याने मेलेल्या पेशींची भरपाई जवळजवळ होतच नाही.

साधे गोठवणे इथेच घात करते. बर्फाचे स्फटिक पेशी फोडतात, जाळे मात्र सुरुवातीला शाबूत राहते. त्यामुळे शस्त्रक्रियेच्या दिवशी चाचणीत भक्कम ठरलेला ग्राफ्ट पुढे झिजत जातो. नुसत्या पहिल्या दिवसाच्या मापावरून ग्राफ्ट पारखणे म्हणूनच धोक्याचे. गोठवून सुकवणे आणखी कठोर : १९८४ मध्ये जर्मनीत प्रथम रोपलेल्या दात्यांच्या मेनिस्कसांपैकी (मेनिस्कस म्हणजे गुडघ्यातली चंद्रकोरीसारखी कूर्चा-गादी) अशा प्रकारे सुकवून गॅमा किरण दिलेले मेनिस्कस आक्रसल्याचे आढळले.

निर्जंतुकीकरणासाठी गॅमा किरणांची रूढ मात्रा २५ किलोग्रे (ग्रे हे शोषलेल्या किरणमात्रेचे एकक). मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाची ऊतीपेढी हाडे आणि गर्भावरण गॅमा किरणांनीच निर्जंतुक करते. किरण कोलॅजेनच्या साखळ्या थेट तोडतात. शिवाय पाण्यापासून मुक्त मूलके (अतिक्रियाशील कण) तयार होतात, तीही तोडफोड करतात. कूर्चा इतकी पाणीदार, की हा दुसरा मार्ग दुर्लक्षून चालत नाही. शुष्क बर्फावर (गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडवर) ठेवून किरण दिल्यास मूलकांची हालचाल मंदावते आणि हानी घटते. नाकाच्या पुनर्रचनेत किरणित बरगडी-कूर्चा १९६० च्या दशकापासून वापरात आहे. तिथे भार थोडा, आकार टिकला की बरेचसे साधते. गुडघ्यात ते पुरत नाही. निर्जंतुकीकरणाचा आणखी एक मार्ग म्हणजे इथिलीन ऑक्साइड वायू; पण त्याचे अवशेष सांध्याच्या आवरणाला सूज आणतात, म्हणून तो मार्ग बहुतेक ठिकाणी सोडून दिला गेला.

गुडघ्यासाठी म्हणूनच हाडासकट ताजी कूर्चा ४ अंश सेल्सिअसला पोषक द्रवात ठेवतात. तिला किरण देता येत नाहीत, कारण त्यांनी जिवंत पेशी मरतील; त्यामुळे जंतू राहण्याचा धोका खरा आहे. २००१ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात अशा ग्राफ्टमधून क्लॉस्ट्रिडियम जंतूंचा संसर्ग होऊन २३ वर्षांचा तरुण दगावला. दात्याचा मृतदेह १९ तास शीतगृहाबाहेरच राहिला होता. आता प्रतिजैविकांत बुडवलेला ग्राफ्ट जंतुतपासणीचे अहवाल येईपर्यंत, साधारण १४ दिवस, राखून ठेवतात. साधारण त्याच सुमारास पेशींची मरतूक वाढू लागते, आणि २८ दिवसांच्या आत तो बसवावा लागतो.