दहावीनंतर वेळ का वाढते?

काटोल, वरुड, मोर्शीच्या संत्रापट्ट्यात पहाटे रस्त्यावर गेलात तर मुली धावताना दिसतात. डांबरावर चुन्यानं मारलेल्या खुणा, एकीच्या हातात मोबाइलचं स्टॉपवॉच. बहुतेक जणी पोलीस भरतीच्या तयारीतल्या. भरतीत मुलींची लांब धाव ८०० मीटरचीच असते, पण सरावाला त्या तीन-चार किलोमीटर जातात. त्यांच्यात एखादी अशी निघते की चार किलोमीटरनंतरही तिचा श्वास लयीत असतो. पीटीचे सर तिला हेरतात, क्रॉसकंट्रीला नेतात. तालुका, जिल्हा, विभाग. नववीपर्यंत ती सगळ्यांच्या पुढे.

मग दहावी-अकरावीत तिची वेळ सुधारायची थांबते, आणि हळूहळू वाढायला लागते. पाय भरून येतात, शेवटच्या फेरीत दम लागतो, मागच्या मुली पुढे निघून जातात. "आता नाही होऊन राहिलं सर," ती म्हणते. सरांना वाटतं, हिचं मन उडालं. गाव म्हणतं, पोरगी अंगानं भरली, आता कसली धावते! वर्षभरात बूट कोपऱ्यात पडतात.

यातल्या पुष्कळ मुलींच्या बाबतीत मनाचा किंवा वयाचा दोष नसतो. त्यांचं रक्त कुणी तपासलेलंच नसतं, आणि याची मला फार चीड येते.

आधी वयाचं बघू. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतनं २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक मिळवलं, तेव्हा ती २५ वर्षांची होती. त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत ती ३१ मिनिटं ५१.४४ सेकंदांत धावून दुसरी आली. पहिली आलेली प्रीजा श्रीधरन २८ वर्षांची होती. साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकच्या ३,००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली ती २७ व्या वर्षी. ओ. पी. जैशानं २०१५ मध्ये बीजिंगला २ तास ३४ मिनिटं ४३ सेकंदांत मॅरेथॉन पूर्ण करून राष्ट्रीय विक्रम केला, तेव्हा ती ३२ वर्षांची होती. लांब पल्ल्याच्या धावपटूचं हृदय, स्नायूंतल्या केशवाहिन्या आणि पेशींमधली ऊर्जा तयार करणारी यंत्रणा वर्षानुवर्षांच्या सरावानं घडते. म्हणजे आपल्याकडे मुलगी ज्या वयात "संपली" म्हणून सोडली जाते, त्यानंतर आठ-दहा वर्षांनी तिचा खरा काळ यायचा असतो.

मग सोळाव्या वर्षी नेमकं काय बिघडतं? साधा हिशेब करू. रक्तातलं एक ग्रॅम हिमोग्लोबिन सुमारे १.३४ मिलिलिटर ऑक्सिजन वाहून नेतं. १०० मिलिलिटर रक्तात हिमोग्लोबिन १३ ग्रॅम असेल तर तेवढ्या रक्तात साधारण साडेसतरा मिलिलिटर ऑक्सिजन मावतो. ते साडेनऊवर आलं की पावणेतेराच्या आसपास. जोरात धावताना हृदय मिनिटाला १५ लिटर रक्त फेकतं असं धरलं, तर मिनिटामागे सुमारे ७०० मिलिलिटर ऑक्सिजन स्नायूंपर्यंत पोचतच नाही. जिनिंगची यंत्रं चालू आहेत, पण कापसाच्या गाड्याच कमी येतात, तसं हे. सर म्हणतात "जोर लाव", आणि ती बिचारी लावतेही. पण जोर ज्याच्यावर चालतो तेच कमी पडतं.

हिमोग्लोबिनसाठी लोह लागतं, आणि धावणाऱ्या मुलीचं लोह अनेक वाटांनी जातं. पाळीत महिन्याला सरासरी ३० ते ४० मिलिलिटर रक्त जातं, म्हणजे १५ ते २० मिलिग्रॅम लोह. कडक रस्त्यावर हजारो वेळा पाऊल आपटतं, तेव्हा तळव्याच्या वाहिन्यांतल्या काही तांबड्या पेशी फुटतात. घामातून थोडं जातं. उलट येण्याची वाट अरुंद आहे, कारण भाकर, वरण, पालेभाजीतल्या लोहापैकी थोडाच भाग आतडं शोषून घेतं. त्यात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. ही मुलगी धावायला लागते तीच मुळात काठावरून.

याहून महत्त्वाची गोष्ट यकृतात घडते. यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक सोडतं. ते वाढलं की आतड्यातलं लोह रक्तात यायचं दार मिटतं. जोरदार धावल्यावर तीन ते सहा तासांनी हेप्सिडिन चढतं. म्हणजे पहाटे सहाला धावणं संपलं, तर नऊ ते बारा या वेळात पोटात गेलेलं लोह बरंचसं वाया जातं, आणि नेमकं त्याच वेळी शाळेत जायच्या आधीचं जेवण होतं. धावून झाल्यावरचा पहिला अर्धा तास मात्र चांगला असतो, तेव्हा दार अजून उघडं असतं. त्या अर्ध्या तासात आपल्या घरी काय मिळतं? स्टीलच्या कपात चहा आणि दोन टोस्ट. चहातली टॅनिन लोहाला धरून ठेवतात आणि ते तसंच बाहेर जातं.

त्या वेळी चहाऐवजी भिजवलेले चणे किंवा मोड आलेली मटकी आणि सोबत एक संत्रं, एवढा बदल पुरेसा मोठा आहे. संत्र्यातलं क जीवनसत्त्व वनस्पतींमधलं लोह आतड्याला घेता येईल अशा रूपात आणतं. बाजारात न जाणारी बारकी संत्री बागेच्या बांधावर टाकून दिलेली असतात. ती या मुलींच्या पोटात गेली पाहिजेत. हंगाम नसेल तेव्हा आवळा, लिंबू. चहा तासाभरानं प्यावा, कुणी नाही म्हणत नाही.

उन्हाळ्यात हे सगळं दुप्पट जाणवतं. धावताना खर्च होणाऱ्या ऊर्जेतली तीन चतुर्थांशांहून अधिक उष्णता होऊन बाहेर पडते. ती काढायला शरीर रक्त त्वचेकडे वळवतं, म्हणजे स्नायूंच्या वाट्याचं रक्त आणखी घटतं. मे महिन्यात विदर्भात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा सराव सकाळी आठपर्यंतही लांबवू नये. उन्हाची सवय अंगाला दहा-चौदा दिवसांत लागते. त्या काळात रक्तातलं पाणी वाढतं, घाम लवकर सुटतो. म्हणून अंतर हळूहळू वाढवायचं.

आणखी एक गोष्ट घरच्यांशी स्पष्ट बोलायला हवी. सराव वाढला आणि पाळी थांबली, तर "बरं झालं, त्रास गेला" असं समजू नका. खाणं खर्चाला पुरत नाही, म्हणून शरीरानं ते काम बंद केलेलं असतं. अशा मुलींची हाडं विरळ होतात आणि पायाच्या हाडाला बारीक चीर जाते. सकाळी रिकाम्या पोटी दहा किलोमीटर आणि दुपारी एक भाकर, यावर कुणी धावपटू होत नाही.

तपासणी कोणती करायची? हिमोग्लोबिन सरकारी दवाखान्यात होतं. गर्भवती नसलेल्या स्त्रीचं १२ च्या खाली असेल तर रक्तक्षय. पण ते सगळ्यात शेवटी उतरतं. आधी शरीरातला लोहाचा साठा संपतो. फेरिटिन हे लोह साठवणारं प्रथिन, त्याच्या तपासणीत ते दिसतं. हिमोग्लोबिन साडेबारा आणि तरी धावताना पाय ओढले जातात, तेव्हा फेरिटिन बघायलाच हवं.

आणि विदर्भात, विशेषतः गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाकडे, सिकलसेलची, म्हणजे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकवणाऱ्या आनुवंशिक आजाराची, तपासणी लोहाची गोळी सुरू करण्याच्या आधी व्हावी. सिकलसेलचा आजार असलेल्या मुलीच्या तांबड्या पेशी १२० दिवसांऐवजी दहा-वीस दिवसांत मोडतात. तिचं कमी हिमोग्लोबिन नुसत्या लोहानं भरत नाही. आई-वडिलांपैकी एकाकडूनच हा दोष आलेल्या, म्हणजे वाहक मुलीचं तसं नसतं. तिचं रक्त बहुधा ठीक असतं, ती धावू शकते, तिनं धावावं. फक्त उन्हात, पाणी न पिता, एकदम सगळा जोर लावून तिला पळवू नका. अशा वेळी स्नायू मोडून जिवावर बेतू शकतं. तिचं सिकलसेल तपासणीचं कार्ड सरांना माहीत असलं पाहिजे.

शाळेत आठवड्याला मिळणाऱ्या लोहाच्या निळ्या गोळ्या अनेक मुली खिडकीबाहेर टाकतात, कारण मळमळतं आणि शौचाला काळं होतं. काळं होणं धोक्याचं नाही. जेवणानंतर घेतली तर मळमळ कमी होते. रक्तक्षय असलेल्या मुलीला याहून जास्त मात्रा लागते, ती डॉक्टर ठरवतील. रोज घ्यायची की एक दिवसाआड, हेही त्यांना विचारा. लोह कमी असलेल्या स्त्रियांवरच्या अभ्यासात एक दिवसाआड घेतलेल्या गोळीतलं लोह जास्त प्रमाणात शोषलं गेल्याचं दिसलं आहे. महिनाभरात हिमोग्लोबिन वर येतं, धावताना बरं वाटायला लागतं, आणि नेमक्या याच वेळी बहुतेक जणी गोळी बंद करतात. साठा तेव्हा रिकामाच असतो. हिमोग्लोबिन ठीक झाल्यावरही साधारण तीन महिने गोळी चालू ठेवावी लागते, आणि त्यानंतर फेरिटिन पुन्हा बघावं लागतं.