कूलगार्डीला निघण्याआधी: आमच्या प्रवाशांसाठी थोडी माहिती

पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या पर्थहून कूलगार्डी हे सोन्याचं जुनं गाव सुमारे ५६० किलोमीटर. साधारण मुंबई-पणजीएवढं अंतर, फक्त वाटेत घाट नाही आणि वडापावही नाही. शनिवारी पहाटे साडेपाचला आपली गाडी निघते, दुपारच्या जेवणापर्यंत आपण पोहोचतो. मुक्काम पुढे ३९ किलोमीटरवर, कॅलगुर्लीत.

सप्टेंबर १८९२ मध्ये सोनं शोधणारा आर्थर बेली इथलं ५५४ औंस, म्हणजे सतरा किलोच्या आसपास सोनं घेऊन घोड्यावरून सदर्न क्रॉस या गावी पोहोचला आणि जगभरातून माणसं इकडे लोटली. काही वर्षांतच लोकवस्तीत राज्यात पर्थ आणि फ्रीमँटलनंतर कूलगार्डीचाच नंबर लागू लागला. आज गावात हजारभरही माणसं नाहीत. मोठा रस्ता मात्र तेव्हाचाच आहे: उंटांचा तांडा वळवता यावा एवढा रुंद, आणि बहुतेक वेळा रिकामा.

माल वाहणारे हे बरेच उंट कराचीहून जहाजाने आले, आणि कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती. उंटवाल्यांना इथे सरसकट ‘अफगाण’ म्हणत, पण त्यांत बलुची, सिंधी, पंजाबीही होते. गावच्या दफनभूमीत त्यांचा वेगळा भाग आहे. तिथे आपण थांबतो. कृपया कबरींच्या चौथऱ्यांवर बसून फोटो काढू नका.

‘सोनं सापडेल का?’ हा प्रश्न प्रत्येक सहलीत येतो. शोधायचं तर ‘मायनर्स राइट’ हा परवाना आधी काढावा लागतो, आणि आपल्या दोन दिवसांत ते बसत नाही. आमच्या मते इथली खरी गोष्ट पाण्याची आहे. खाऱ्या तळ्यांचं पाणी उकळून, वाफ थंड करून मिळवलेलं पाणी लोक विकत घेत. विषमज्वराने कित्येक जण गेले. मग सी. वाय. ओकॉनर या इंजिनिअरने पर्थजवळच्या मंडारिंग धरणातून कॅलगुर्लीपर्यंत ५३० किलोमीटर नळ टाकायची योजना आखली. टीका इतकी झाली की मार्च १९०२ मध्ये त्याने जीव दिला. जानेवारी १९०३ मध्ये पाणी पोहोचलं. ती पाइपलाइन बराच वेळ रस्त्याच्या कडेने आपल्यासोबत धावते. लहान मुलांना खिडकीची जागा द्या.

इथलंच ‘कूलगार्डी सेफ’ नावाचं कपाट पाहिलंत की आजीचा माठ आठवेल. वर पाण्याचा पत्र्याचा ट्रे, त्यातून लोंबणाऱ्या कापडी पट्ट्या, बाजूंना गोणपाट. पट्ट्यांमधून पाणी झिरपतं, गोणपाट ओलं राहतं, वारा लागला की आतलं लोणी थंड. वीज नको, बर्फ नको.

सोबत माणशी चार लिटर पाणी, टोपी आणि चेहऱ्यावर घ्यायची माशांची जाळी हवीच. जाळी घालून कसंसंच दिसतं म्हणून लाजू नका, दहा मिनिटांत सगळेच घालतात. जुलैत रात्री हुडहुडी भरते. आई-बाबा भारतातून आले असतील तर स्वेटर, कानटोपी नक्की घ्या. औषधं पर्थमधूनच घेऊन निघा. सदर्न क्रॉसनंतर सुमारे १९० किलोमीटर गाव लागत नाही आणि मोबाइलची रेंजही जाते, तेव्हा घरी आधीच कळवून ठेवा.

रविवारी सकाळी कॅलगुर्लीची ‘सुपर पिट’ खाण वरच्या कठड्यावरून पाहायची. साडेतीन किलोमीटर लांब खड्डा आहे, तळातले ट्रक खेळण्यातले वाटतात. साडेनऊला परतीची गाडी सुटते. अंधार पडला की कांगारू रस्त्यावर येतात, त्यामुळे ‘अजून अर्धा तास’ मिळणार नाही.