मालिकेतले आजी-आजोबा अचानक कुठे गेले होते? बदललेले चेहरे आणि कंटिन्युटी यामागची पार्श्वभूमी

१३ जुलै २०२० च्या संध्याकाळी आमच्याकडे जेवणं लवकर आटपली होती, कारण कोरोनाच्या लॉकडाऊनमुळे साडेतीन महिने रिपीट बघून झाल्यावर नवे भाग लागणार होते. आई बघायची त्या मालिकेत गोष्ट मार्चमध्ये थांबली होती तिथूनच सुरू झाली, म्हणजे मुलगा रागाने दार आपटून बाहेर गेलेला आणि आता तोच परत आत येतो. गोष्टीत पाच मिनिटंही गेलेली नाहीत, पण जाताना केस बारीक कापलेले आणि येताना कॉलरला टेकलेले. आई लगेच म्हणाली, "अगं हा बाहेर किती दिवस होता?" आठवडाभराने तिच्या दुसरीच गोष्ट लक्षात आली, की आजोबा दिसतच नाहीयेत. सोफ्याशेजारची त्यांची खुर्ची तिथेच, तिच्यावरची घडी घातलेली शाल तिथेच, माणूस तेवढा नाही. मग एका भागात कुणीतरी बोलता बोलता सांगितलं की ते गावाला अडकलेत.

त्या वर्षातले असे सीन अजूनही "मालिकेतल्या चुका" म्हणून फिरत असतात. केसांचं समजू शकते, पण आजोबांचं गायब होणं चूक म्हणून मोजलं की मला खटकतं, कारण त्यामागे एक लेखी नियम होता आणि तो हायकोर्टापर्यंत गेला होता.

आधी शब्दाचा थोडा गुंता सोडवते. आपण सगळ्यालाच कंटिन्युटी मिस्टेक म्हणतो पण सेटवर त्या शब्दाचा अर्थ बराच छोटा आहे. माझी मामेबहीण काही वर्षं मालिकांमध्ये असिस्टंट डायरेक्टर होती, कंटिन्युटी तिच्याकडे असायची. तिच्या फोनमध्ये घरच्यांपेक्षा जास्त फोटो कलाकारांच्या हातांचे, कपाळांचे आणि ताटांचे होते. कुठल्या हातात किती बांगड्या, टिकली केवढी, मंगळसूत्र पदराच्या आत की बाहेर, पोह्यांची डिश किती संपलेली, घड्याळात किती वाजलेत. कारण सकाळी दिवाणखान्यातला सीन होतो, त्याच्या पुढचा स्वयंपाकघरातला सीन तीन दिवसांनी होतो, आणि मधल्या काळात त्याच कलाकाराने तिसऱ्याच भागाचे कपडे घालून आणखी चार सीन केलेले असतात. ह्यात काही सुटलं तर ती कंटिन्युटीची चूक. कलाकारच बदलला तर ती रिप्लेसमेंट. आणि माणूस गोष्टीतून काही दिवस नाहीसा होतो त्याला ट्रॅक बंद ठेवणं म्हणतात, जो लेखकाला वरून आलेल्या निरोपाप्रमाणे करावा लागतो. प्रेक्षकाला तिन्ही सारख्याच दिसतात, पण कारणं पूर्ण वेगळी.

रिप्लेसमेंट हा शब्द तर आपल्या नाटकवाल्यांच्या रोजच्या बोलण्यातला. नटसम्राट १९७० साली आलं, त्यातली मुख्य भूमिका पहिल्या नटानंतर आणखी काही तगड्या नटांनी केली आणि लोकांनी "मी अमक्याचा पाहिलाय, तू तमक्याचा" अशा तुलना अभिमानाने केल्या. तिथे चेहरा बदलला म्हणून कुणी नाटकाची चूक काढली नाही. सिनेमाची सुरुवातही अशाच तडजोडीतून झाली हे आपल्याला पाठच आहे, १९१३ च्या राजा हरिश्चंद्रमधली तारामती पुरुषाने केली, आणि १९१७ च्या लंका दहनमध्ये त्याच नटाने राम आणि सीता दोघंही केले. स्त्रिया पडद्यावर यायला तयार नव्हत्या म्हणून घेतलेला तो निर्णय, तरी १९१३ च्या त्या सिनेमानंतर वर्षभरातच मोहिनी भस्मासुरमध्ये आई आणि मुलगी दोघी पडद्यावर आल्यासुद्धा. कास्टिंगमधल्या विचित्र वाटणाऱ्या गोष्टींमागे बहुतेक वेळा अशी एखादी अडचण असते आणि ती दूर झाली की लोक ती विसरून जातात.

दूरदर्शनच्या दिवसात मालिका आठवड्यातून एकदा-दोनदा यायच्या, त्यामुळे शूटिंगला श्वास घ्यायला वेळ होता. खरा ताण आला तो डेली सोप आल्यावर. २००० मध्ये सुरू झालेल्या क्यूंकी सास भी कभी बहू थी या हिंदी मालिकेतला नायक मिहीर आठवा. पहिला कलाकार गेला, मग दुसरा थोडे दिवस, मग तिसरा आला आणि तो शेवटपर्यंत, म्हणजे २००८ पर्यंत राहिला. नायिका तुलसीचाही चेहरा मध्ये बदलून परत पहिलाच आला. मराठीत तर चार दिवस सासूचे तीन हजारांवर भाग चालली, एवढ्या वर्षांत कलाकारांची लग्नं होतात, बाळंतपणं होतात, आजारपणं येतात, नाटकाचे दौरे असतात, कुणाचं तरी काहीतरी होणारच. माझ्या नवऱ्याची बायकोमधली शनाया हे त्याचं चांगलं उदाहरण. पहिली गेली, दुसरी आली, लोकांनी महिनाभर नाकं मुरडली आणि मग स्वीकारली, आणि २०२० मध्ये लॉकडाऊननंतर पहिलीच परत आली. गोष्टीत यातलं काही घडलेलंच नाही, शनाया तीच आहे. प्रेक्षक दोन दिवस कुरकुरतो आणि पुढे जातो, याचा चॅनलवाल्यांना पक्का अंदाज असतो.

आता २०२० कडे येते. १९ मार्चपासून शूटिंग बंद. मेच्या शेवटी राज्य सरकारने शूटिंग परत सुरू करायची नियमावली काढली, मास्क, सॅनिटायझर, तापमान तपासणं, कमी माणसं हे सगळं होतंच, पण त्यात एक ओळ अशी होती की ६५ वर्षांवरच्या कुणालाही सेटवर येता येणार नाही, कलाकार असो की क्रू. केंद्राचाही ६५ वरच्यांनी घरी थांबावं असा सल्ला होता, पण तो सल्ला होता, इथे सेटपुरती सरळ बंदी झाली.

ह्या एका ओळीने काय केलं ते मराठी मालिका बघणाऱ्याला सांगायला नको. आपल्या मालिकांचं घर आजी-आजोबांशिवाय उभंच राहत नाही. देवघरात कोण बसणार, सुनेची बाजू घेऊन मुलाला कोण झापणार, गुपित चुकून कोण ऐकणार? ते सगळे एका रात्रीत गावाला, काशीला, मुलीकडे किंवा नुसतेच "आत झोपलेत" झाले. काही ठिकाणी फोनवर आवाज ऐकू यायचा. लेखकांनी कसंबसं निभावलं, पण ज्यांचं घर दिवसाच्या मानधनावर चालतं त्यांचं काय? मोठ्या नावांना चार महिने बसून काढता येतात. मालिकेत महिन्याला पाच-सहा दिवस काम मिळणाऱ्या, शेजारचे काका किंवा गुरुजी करणाऱ्या म्हाताऱ्या कलाकाराला ते परवडत नाही, आणि त्याच्यासाठी पेन्शन-पीएफ वगैरे काही नसतं. मामेबहिणीच्या युनिटमधले एक काका रोज सकाळी तिला फोन करायचे, "बाळा, माझा सीन लागला का गं?" एवढंच विचारायला. त्यांचं पात्र लिहिलेलंच नसायचं, आणि ते सांगायचं काम तिच्याकडे.

शेवटी सत्तर वर्षांचा एक अभिनेता कोर्टात गेला. निर्मात्यांच्या एका संघटनेनेही वेगळी याचिका केली. म्हणणं साधं होतं, चाळीस वर्षं हेच काम करतोय, दुसरं काही येत नाही, तब्येत धडधाकट आहे, मग पोट कसं भरू? सरकारचं म्हणणं होतं की हे त्यांच्याच जिवासाठी आहे. कोर्टाने विचारलं की ६५ वरच्या माणसाला दुकान उघडून दिवसभर बसता येतं तर सेटवर का नाही, आणि ७ ऑगस्ट २०२० ला ती अट भेदभाव करणारी म्हणून रद्द केली. मला तो निकाल तेव्हाही योग्य वाटला होता आणि आजही वाटतो.

पण दुसरी बाजू लपवून चालणार नाही. सप्टेंबरमध्ये साताऱ्याकडे चालू असलेल्या एका मराठी मालिकेच्या सेटवर वीसहून जास्त जणांना लागण झाली आणि रंगभूमी-सिनेमा गाजवलेल्या एक ज्येष्ठ अभिनेत्री त्यात गेल्या, ७९ व्या वर्षी. नियम काढणाऱ्यांची भीती खोटी नव्हती. त्यावेळी बऱ्याच जणांनी "बघा, कोर्टाने उगाच परवानगी दिली" असं म्हटलं. मला वाटतं प्रश्न वयाचा कमी आणि सेट कसा चालवला जातो याचा जास्त होता, कारण लागण झालेल्यांमध्ये तरुणही होतेच, आणि रोज भाग द्यायचाच असतो तिथे एक दिवस शूट थांबवणं कुणालाच परवडत नाही. एपिसोडची बँक, म्हणजे आधीच शूट करून ठेवलेले भाग, असली तर चार-पाच भागांची. ती संपली की आजारी माणूसही उभा राहतो.

नंतर काही मालिकांत आजी-आजोबा परत आले, काहींत तोपर्यंत पात्रच संपवलेलं होतं, काहींत खुर्चीवर नवीन चेहरा बसला. एप्रिल २०२१ मध्ये राज्यात पुन्हा शूटिंग बंद झालं तेव्हा युनिटच्या युनिट गोवा, सिल्वासा, हैदराबादला गेली. बंगला तोच सांगायचा आणि खिडकीबाहेर माड दिसायचे, नाहीतर अख्खं कुटुंब अचानक कुणाच्या तरी फार्महाऊसवर राहायला जायचं. मेच्या पहिल्या आठवड्यात गोव्यातही परवानग्या रद्द झाल्या, त्यामुळे काही मालिकांत पंधरा दिवसांत घराच्या भिंती दोनदा बदलल्या. त्या भागांमधली ताटं, पडदे, जिने जुळवत बसलं तर एकही सीन जुळणार नाही, आणि हे सगळं जुळवायची जबाबदारी ज्या पोरापोरींवर होती त्यांच्या सामानात जुन्या सेटवरच्या मोजक्याच वस्तू होत्या. मामेबहिणीने देवघरातला पितळी दिवा आणि एक भिंतीवरचं घड्याळ उशाच्या अभ्र्यात गुंडाळून बसमधून नेलं होतं, दोन्ही प्रत्येक फ्रेममध्ये कुठेतरी दिसतील अशी ठेवायची.

जुलै २०२५ मध्ये क्यूंकी परत सुरू झाली, मिहीर म्हणून आला तो पहिलाच कलाकार, मधली सगळ्यात जास्त वर्षं दिसलेला तिसरा नाही. आईने पहिल्या भागाला फक्त एवढंच विचारलं, "हाच होता ना गं आधी?" तिच्या त्या दुसऱ्या मालिकेतले आजोबा मात्र गावाहून परत आलेच नाहीत. खुर्ची आणि शाल शेवटच्या भागापर्यंत तिथेच होती.