ऊसतोड कामगारांमधील बालविवाह

मराठवाड्यातील, विशेषतः बीड जिल्ह्यातील ऊसतोड कुटुंबांत मुलीचे लग्न अठरा वर्षांच्या आत उरकण्याची रूढी. दिवाळीच्या सुमारास ही कुटुंबे पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील उसाच्या फडांवर जातात आणि पाच-सहा महिने कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत राहतात. मजूर पुरवणारा मुकादम उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम देतो ती बहुधा जोडप्याला. नवरा-बायको मिळून एक 'कोयता', एकटा माणूस 'अर्धा कोयता'. लग्न झाले की पोराचा कोयता पूर्ण होतो.

पण नुसत्या गरिबीने ही रूढी उलगडत नाही. 'वयात आलेली पोर कुणाच्या भरवशावर ठेवायची?' हा आईबापांचा प्रश्न खरा आहे: गावी थकलेले आजी-आजोबा, फडावर धड दार नसलेली कोपी. छेडछाडीची, अत्याचाराची भीती दोन्हीकडे असते. मात्र छेडणाऱ्याला कुणी जाब विचारत नाही. 'नाव जाईल' म्हणून शाळा सुटते ती मुलीची, आणि तिचे हात पिवळे केले जातात. वय वाढले की हुंडाही वाढतो, भावकीचे टोमणे वेगळेच. आईबाप हे काळजीपोटी करतात, आणि म्हणूनच ते थांबवणे इतके अवघड जाते.

सासरी त्या अल्पवयीन मुलीच्या वाट्याला पहाटेपासून मोळ्या वाहणे, कोवळ्या वयातले बाळंतपण आणि अनेकदा मारहाण येते. 'नवऱ्याने मारलं तर काय झालं, नांदायचं असतं' अशी समजूत माहेरीच घातली जाते. ही समजूत ऊसतोड वस्तीपुरती नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील सुमारे ४५ टक्के स्त्रियांनी आणि ४४ टक्के पुरुषांनी निदान एका कारणासाठी बायकोला मारणे योग्य मानले. त्यांत सासू-सासऱ्यांचा मान न राखणे हे कारण सर्वाधिक सांगितले गेले. त्याच फेरीनुसार महाराष्ट्रात २०-२४ वयोगटातील २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झाले होते. बीडमध्ये हे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या वर होते.

२००६ च्या कायद्यानुसार बालविवाह लावणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. गावात ग्रामसेवक हा प्रतिबंध अधिकारी असतो, पण लग्नाच्या पंगतीत ज्यांच्याबरोबर बसायचे त्यांच्याविरुद्ध तक्रार नोंदवणे त्याला जड जाते. १०९८ या मुलांच्या मदतक्रमांकावर निनावी फोन आल्यावर मांडवातच लग्ने थांबली आहेत. मुलीला गावात सुरक्षित राहता यावे यासाठी हंगामी वसतिगृहे आहेत, आणि २०२१ मध्ये राज्याने संत भगवानबाबांच्या नावाने शासकीय वसतिगृहांची योजना आणली. पोरीला ठेवायचे कुठे, या प्रश्नाला थेट भिडणारा हाच उपाय आहे.